पट्ट्याचे ओरखडे

२ फेब्रुवारी

ही वही मालकांनी दिली. मालक म्हणजे गिटारींच्या कारखान्याचे मालक. वय अडतीस, उंची अशी की प्रत्येक दारातून वाकून जावं लागतं. सगळे त्यांना लंबू म्हणतात आणि तेही ओ देतात, म्हणून मीही इथे लंबूच लिहिणार. लंबू म्हणाला, "काका, रोज काय लावलं, किती वेळ ठेवलं, किती घासलं, सगळं लिहीत जा. एकदा जमलं ते परत जमायला हवं." कामाचं लिहीनच. पण वही दोनशे पानी आहे आणि घरी बोलायला कुणी नाही, तेव्हा बाकीचंही लिहीन. त्याने वाचलं तर वाचलं.

पस्तीस वर्षं मी फर्निचरला पॉलिश केलं. खरवडलेल्या खुर्च्या, चहाचे डाग पडलेली टेबलं, कुणाकुणाच्या आजोबांचे पलंग माझ्याकडे यायचे आणि आरशासारखे होऊन जायचे. आता लोक भुशाच्या फळ्यांची कपाटं घेतात आणि पाच वर्षांनी फेकून देतात. त्यात पॉलिशवाल्याला कोण कुत्रं विचारतं? गेल्या वर्षी दुकान बंद केलं. लंबूने माझं काम कुठेतरी पाहिलं होतं, तो पत्ता काढत आला. मला वाटलं, गिटारींना पॉलिश मारायचं असेल.

आज सकाळी त्याने एक कोरी करकरीत आकाशी गिटार माझ्यासमोर ठेवली. आपलं तोंड दिसावं अशी चमक. मग खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि दिला तिच्या अंगावर हाणून. एकदा नाही, सात-आठ वेळा. माझ्या तोंडून "अहो, अहो!" निघालं. मला वाटलं पोराचं डोकं फिरलं.

"हेच काम आहे, काका," तो म्हणाला. "आम्ही गिटार बनवतो आणि मग तिला म्हातारी करतो. लोकांना तशीच हवी असते."

"मी जन्मभर याच्या उलट केलं."

"म्हणून तर तुम्हाला आणलं. डाग काढणाऱ्याइतके डाग कुणाला माहीत असतात?"

मग भिंतीवरची एक काढून माझ्या हातात दिली. म्हणाला, हिचं वय सांगा. मी वास घेतला. कडा चाचपल्या, नख फिरवून पाहिलं. रंग उडून आतलं लाकूड दिसत होतं, खुंट्या काळवंडल्या होत्या, मानेचा मागचा भाग हाताने घासून रेशमासारखा झाला होता. (ते नेक म्हणतात, मला मान बरं वाटतं.) मी छातीठोक सांगितलं, पन्नास वर्षं, एक दिवस कमी नाही. लंबूने आतली चिठ्ठी दाखवली. गेल्या ऑक्टोबरातली होती.

मला स्टूल घेऊन बसावं लागलं. आयुष्यात मला लाकडाने फसवलं नव्हतं. पण राग आला नाही, हेच नवल. किती तरी वेळ मी तिच्यावरून हात फिरवत राहिलो. कुणीतरी तिच्यासोबत राहिलंय असं वाटत होतं, आणि कुणीच राहिलं नव्हतं.

घरी येऊन लेकीला फोन लावला, नवी नोकरी सांगायला. "हो का? बरं झालं," म्हणाली. मी विचारलं, पिटुकली काय करते? (पिटुकली म्हणजे माझी नात.) "झोपलीय," म्हणाली. संध्याकाळी सहा वाजता?

५ फेब्रुवारी

आज रंगाला तडे पाडायला शिकलो. गिटारीचं धड फ्रीजरमध्ये ठेवायचं, अर्धा तास. मग बाहेर काढून केस वाळवायच्या यंत्राने गरम वारा सोडायचा. लंबू म्हणाला, "आता कान द्या." मी वाकून कान दिला. टिक. मग टिक, टिक. आणि बघता बघता रंगाच्या थरात केसासारख्या रेघा उमटत गेल्या, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, आपल्या मनाने वळणं घेत. कुठली कुठे जाईल ते आमच्या हातात नाही.

असे तडे मी हजार वेळा घासून काढलेत, शिव्या घालत. ते पडताना कधी पाहिले नव्हते. अंगावर काटा आला, खरंच.

फ्रीजर अर्धा तास, वारा दोन मिनिटं, एक वीत अंतरावरून. (हे कामाचं.)

९ फेब्रुवारी

लेकीचं मला काही कळत नाही, म्हणून लिहूनच पाहतो.

तिची आई जाऊन डिसेंबरात वर्ष झालं. आईचं कापडं बेतायचं मोठं टेबल लेकीला हवं होतं. मीच म्हणालो, थांब, तुला असं कसं देऊ? त्याची पार चाळण झाली होती. कात्रीचे घाव, इस्त्रीचा डाग, कडा झिजलेल्या. दुकान नव्हतं, तरी हात होते. दोन सूत लाकूड रंध्याने काढलं, चार नंबरांच्या पेपरांनी घासलं, एकोणीस दिवस रोज एक हात पॉलिश मारलं. इतकं सुंदर काम मी कुठल्या गिऱ्हाइकासाठी केलं नसेल.

वर्षाच्या दिवशी ती आली. मी वरची चादर ओढली. तिने टेबलावर हात ठेवला, असा फिरवला, परत फिरवला. आणि रडायला लागली. मला वाटलं आनंदाने रडतेय. मी म्हणालो, "बघ, कुणी म्हणेल का हे बाईच्या राबत्यातलं टेबल?" ती पिटुकलीला उचलून निघून गेली. टेबल नेलं नाही. त्यानंतर एकदाही आली नाही. मी जाऊ का म्हटलं की सध्या गडबड आहे म्हणते. दोन महिने झाले, नातीचं तोंड पाहिलेलं नाही.

जावयांना विचारलं. ते बिचारे म्हणाले, "बाबा, ती तुमच्याशीच बोलेल कधी तरी." आता लेक असली तरी मनात काय आहे ते बोलल्याशिवाय कसं समजायचं? मी काही मनकवडा नाही. मला फक्त त्या दोघी पूर्वीसारख्या रविवारी यायला हव्या आहेत. बाकी मला आयुष्याकडून काही नको.

१३ फेब्रुवारी

एक दातांचे डॉक्टर आले होते. कोटबिट घालून, गंभीर चेहऱ्याचे. लंबूची एक रापलेली गिटार मांडीवर घेतली आणि दोन तास उठले नाहीत. वाजवायचे बरे, पण तो मुद्दा नाही. त्यांचा चेहरा बदलत गेला. निघताना पाचवीतल्या मुलासारखे दिसत होते.

मी न राहवून विचारलं, "साहेब, रागावू नका, पण नवीच घ्या ना. हे म्हणजे खोटं म्हातारपण."

ते म्हणाले, "घरी नवी आहे. तीन वर्षं पेटीत पडलीय. पहिला ओरखडा माझ्या हातून पडेल म्हणून काढतच नाही. हिला तो आधीच पडलाय."

लंबू म्हणतो प्रत्येकाचं कारण वेगळं असतं. कुणाला वाटतं गिटार जुनी म्हणजे गाणीही तिला येत असणार. कुणाला नुसती मान हाताला मऊ लागते म्हणून हवी. कुणाला मिरवायला हवी, तेही असतंच. पण मला अजून टोचतं. सोंगच ते. मी सोंग उत्तम वठवतो म्हणून ते खरं होत नाही.

तरीही उद्याची वाट बघतोय. आज पितळेला व्हिनेगरच्या वाफेत बसवलंय, सकाळपर्यंत काय रंग चढतो ते पाहायचंय.

२० फेब्रुवारी

आज एक बाई आल्या. साठीच्या पुढच्या, बुटक्या, चष्मा दोरीने गळ्यात, पायघोळ सैल झगा. बेस वाजवतात. चार जाड तारांची मोठी गिटार, तिला बेस म्हणतात. ढोल आणि गाणं यांच्यामध्ये जो घुमतो तो आवाज तिचा. मी आजवर तो ऐकला असेन पण कुणी वाजवतं हे लक्षात आलं नव्हतं. बाई म्हणाल्या, "तेच आमचं काम. थांबलो की कळतं."

एकतीस वर्षं एकच बेस वाजवला त्यांनी. गेल्या वर्षी कार्यक्रम संपवून जेवायला थांबल्या, तेवढ्यात गाडीची काच फोडून कुणीतरी नेला. तेव्हापासून वाजवलेलं नाही. नवे दोन घेऊन पाहिले. "हातात घेतला की भाड्याच्या घरात आल्यासारखं वाटतं. खिळा कुठे ठोकू, विचारावं लागतं."

त्यांनी पिशवीतून फोटो काढले. चौदा होते. सगळ्यांत बेस आहे आणि मागच्या तीस वर्षांतल्या बाई आहेत. लंबू तसाच बेस बनवणार आणि म्हातारा मी करायचा. माझं हे पहिलं स्वतंत्र काम.

"जमेल का, पॉलिशवाले?" बाईंनी विचारलं.

मी फोटोंवरून नजर न काढता हो म्हणालो. जिथे त्यांचा हात टेकायचा तिथे रंग उडून लाकूड उघडं पडलं होतं, आणि फोटोगणिक ते वाढत होतं. पहिल्या फोटोत नखाएवढं, शेवटच्या फोटोत पानाएवढं.

१२ मार्च

बारा दिवस याच एका बेसवर आहे. भूक लागल्याचं कळत नाही. हाताची जागा फोटोवरून मोजून घासली. वरच्या कडेला टवका होता, तो त्याच आकाराचा काढला. मानेला तेल आणि काजळी जिरवली. तडेसुद्धा साधारण तसेच आले, नशीब.

आज पाठ केली. पाठीचा फोटो एकही नाही, पण लंबूने शिकवलंय, पाठीवर पट्ट्याच्या बकलाचे ओरखडे हवेत. वादक उभा राहतो, बेस पोटावर, कमरेच्या पट्ट्याचं बकल रोज घासतं. जुन्या वाद्यांना ते असतातच. मी माझा स्वतःचा जुना पट्टा आणला. अठ्ठावीस ओरखडे मारले. काही खोल, काही नुसते वरवरचे, दोन आडवे. लंबू आला, पाहिलं, आणि माझ्या पाठीवर थाप मारली. मला वाटतं, इतकी खरी पाठ त्याच्याही हातून झाली नसेल.

लेकीला फोन केला. उचलला नाही. मग संदेश आला, कामात आहे.

१७ मार्च

आज तोंडावर आपटलो.

बाई आल्या. बेस समोरून पाहिला. हाताची जागा, टवका, सगळ्यांवरून बोट फिरवलं. डोळे भरून आले. मी मनात म्हटलं, जिंकलं. मग त्यांनी तो उलटा केला.

पाठीकडे पाहत राहिल्या. आणि हसायलाच लागल्या. इतक्या की चष्मा काढून पुसावा लागला.

"अहो पॉलिशवाले," त्या म्हणाल्या, "हा कोण बाप्या एकतीस वर्षं माझ्या बेसला चिकटून उभा होता?"

मला कळेना.

"मी जन्मात कमरेला पट्टा लावलेला नाही."

लंबूने माझ्याकडे पाहिलं, मी लंबूकडे. दोघांच्याही हे डोक्यात आलं नाही. समोर सैल झग्यातली बाई उभी होती, चौदा फोटोंत झग्यातली बाई होती, आणि मी आपला बकल घासत बसलो होतो. आमच्या धंद्यात पाठ म्हणजे पट्टा. शिकवलेलं केलं. बाईंकडे पाहिलंच नाही.

"मग तुमच्या बेसच्या पाठीवर काय होतं?" मी विचारलं.

"मला आधी विचारायचं ना," त्या म्हणाल्या, पण रागाने नाही. "पाठीवर एक गोल होता. मुलगी पोटात होती तेव्हा आठव्या महिन्यापर्यंत वाजवला मी. आधी पोट, पोटापुढे बेस. सूर लागला की आतून लाथ मारायची. तेव्हा तिथे रंगाची चमक गेली ती गेलीच. नंतर तिथेच घासत राहिलं, कारण पोटही काही पूर्वीसारखं झालं नाही."

त्या परत हसल्या. मी हसलो नाही. त्या बेसच्या पाठीवर मूल वाढल्याची खूण होती, आणि मी तिच्या जागी बकल मारलं होतं.

१८ मार्च

अठ्ठावीस ओरखडे घासून काढले. पाठीला नवा रंग दिला. जुनं करायला आधी नवं करावं लागलं, आलिया भोगासी. घासताना सारखं वाटत होतं, विचारायला काय झालं होतं? तोंड होतं की.

२६ मार्च

आज जे पाहिलं ते नीट लिहिता आलं तर बरं.

मी बाईंना बोलावून घेतलं. फोटो बाजूला ठेवले. म्हटलं, मला तुम्ही हव्यात. फळ्यावर लिहायचे खडू कुटून वस्त्रगाळ केले होते, ती पूड बेसवर सगळीकडे पातळ चोळली. पुढे, मागे, मानेला. बेस पांढरा फटक झाला. बाईंना म्हटलं, आता वाजवा. दोन तास. मी आहे असं समजू नका.

आधी त्या अवघडल्या. अकरा महिने वाजवलेलं नव्हतं. बोटं चुकत होती, त्या स्वतःवरच "छे" करत होत्या. मग कधी तरी चुकायचं थांबलं. कारखान्याची फळ्यांची भिंत आहे, ती घुमायला लागली. माझ्या चपलांमधून तो आवाज पोटात चढत होता.

आणि पूड जायला लागली. आधी वरच्या कडेला, हात टेकतो तिथे. मग अंगठ्याची जागा, वाटाण्याएवढी. ती फोटोत कधीच दिसली नव्हती, कारण तिच्यावर नेहमी अंगठा असायचा! खाली एका कोपऱ्यात एक लांबट डाग पडला, तो कशाचा ते मला कळेना. पाहिलं तर बाईंचा गुडघा. ताल धरला की गुडघा वर यायचा आणि बेसला लागायचा. त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

"आता पाठ," मी म्हणालो. पाठीवर पुन्हा पूड चोळली. बाईंनी इकडेतिकडे पाहिलं, लंबूच्या खुर्चीवरची उशी उचलली आणि सरळ झग्याच्या आत घातली. "बघता काय? आठवा महिना," म्हणाल्या. लंबू दारात येऊन उभा राहिला होता, तो वाकायचा विसरला आणि चौकटीला डोकं आपटून घेतलं. आम्ही तिघं पोट धरून हसलो. मग बाई उभ्या राहून वाजवायला लागल्या आणि हसू आपोआप थांबलं. डोळे मिटलेले, मागे रेललेल्या, एक पाय जरा पुढे. साठीच्या बाई होत्या आणि नव्हत्याही.

अर्ध्या तासाने त्यांनी बेस काढून उलटा धरला. पांढऱ्या पाठीवर एक गोल होता. मधोमध नाही, डावीकडे सरकलेला.

बाईंनी तोंडावर हात ठेवला. "हो. डावीकडेच होता. ती डावीकडे असायची."

लंबूने टोपी काढली. का ते त्यालाच माहीत. मी पेन्सिल घेऊन त्या गोलाची कड आखली. आजवर मला झीज म्हणजे लाकडाचं नुकसान वाटायची. मी ती पस्तीस वर्षं घरोघर जाऊन पुसली. किती लोकांचे गुडघे, किती अंगठे गेले असतील माझ्या पॉलिशपेपराखाली.

८ एप्रिल

बाई बेस घेऊन गेल्या. गोल जमलाय. "तो नाही हा," त्या म्हणाल्या, "मला माहीत आहे तो नाही." मग तीन तास वाजवला. चहा तसाच गार झाला.

घरी आलो तो तडक टेबलाशी गेलो. चार महिने त्याच्यावर चादर आहे. काढली. आरसा. त्यात माझंच थोबाड. आणि इतक्या दिवसांनी डोक्यात उजेड पडला की लेक का रडली. तिने हात फिरवला, परत फिरवला. ती शोधत होती. मी तिच्या आईला घासून काढलं होतं, चार नंबरांच्या पेपरांनी, एकोणीस दिवस, आणि वर तिलाच म्हणालो, बघ किती छान.

पण आता मला येतं ना! किल्ल्या, काजळी, तेल, सगळं येतं. मी ठरवलं, टेबल होतं तसं करायचं. हुबेहूब. खुर्ची ओढून बसलो, ही जिथे बसायची तिथे. पेन्सिलीने दोन गोल काढले, इथे तिची कोपरं टेकत असणार. मग पुढे काही सुचेना. कात्री कुठे ठेवायची? इस्त्रीचा डाग उजवीकडे होता की डावीकडे? डोळे मिटून पाहिलं. तिचा चेहरा दिसतो, आवाज ऐकू येतो, पण हात दिसत नाहीत. सदतीस वर्षांचा संसार, आणि मला तिचे हात टेबलावर दिसत नाहीत.

९ एप्रिल

फोन केला.

"बाबा? बरे आहात ना? आवाज असा का?"

"बरा आहे. एक विचारू? आई टेबलाशी बसायची तेव्हा कोपरं कुठे टेकायची?"

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

"का विचारताय?"

"मला आठवत नाही. म्हणजे, आठवत नाही असं नाही. मी पाहिलंच नाही. मी ते टेबल बिघडवलं, बाळा. नीट करायला बसलो तर मला काही माहीतच नाही."

नाक ओढल्याचा आवाज आला.

"बाबा, ती बसायचीच नाही. उभी राहून बेतायची. टेबल उंच आहे ना. बसायची ती फक्त मशीनवर."

मी टेबलावरच्या त्या दोन गोलांकडे पाहिलं. पुन्हा पट्ट्याचे ओरखडे. फक्त या वेळी परक्या बाईच्या बेसवर नाही.

"रविवारी येते," लेक म्हणाली. "तोवर त्याला हात लावू नका. खरंच लावू नका, बाबा."

१३ एप्रिल

लेक आली. पिटुकली इतकी उंच झालीय. आधी माझ्याकडे पाहून आईच्या मागे लपली, मग पाच मिनिटांत माझ्या खांद्यावर.

मी सगळं मांडून ठेवलं होतं. तेल, काजळी, किल्ल्या, पेपर. म्हणालो, "तू फक्त सांग कुठे काय होतं. मी सगळं परत आणतो. कुणाला ओळखू येणार नाही."

लेकीने पर्समधून एक वस्तू काढली. लाकडी मूठ आणि पुढे दातेरी चाक, रुपयाएवढं. "हे ओळखता?"

"आईचं. कापडावर खुणा करायचं."

"वर कागद, कागदाखाली कापड. आणि कापडाखाली?"

मी चाकाच्या दात्यांवरून बोट फिरवलं.

"टेबल, बाबा. ती चाक फिरवायची तेव्हा दाते खाली लाकडापर्यंत जायचे. ठिपक्यांची रेघ उठायची. माझा पहिला फ्रॉक होता त्या टेबलावर. दुसऱ्या वर्षाचा होता, शाळेचा होता, लग्नातलं पोलकं होतं. सगळी मी, एकावर एक. आई माझं बोट धरून त्या ठिपक्यांवरून फिरवायची. ही बघ तू तीन वर्षांची. ही बघ पाच वर्षांची, इथून किती वाढलीस. मी त्या दिवशी हात फिरवला ना, तर तो नुसता घसरत गेला."

चाळण. मीच म्हणायचो तिला, अगं लाकडाची चाळण करतेस. ती हसायची आणि म्हणायची, असू दे. तिने का सांगितलं नाही, ते आता कुणाला विचारू? मी विचारलं असतं तर सांगितलं असतं. दोन सूत लाकडात लेकीचं सगळं लहानपण होतं आणि मी ते भुशात पाडून केरात टाकलं. मला रडू आवरेना. नातीसमोर ढसाढसा रडलो. लेक माझ्या पाठीवरून हात फिरवत होती आणि तीही रडत होती. पिटुकली टेबलाखाली जाऊन बसली.

मग मी म्हणालो, "मापं सांग. मी परत आखतो, एकेक फ्रॉक."

"मापं आईला पाठ होती. मला नाहीत."

मलाही नाहीत. तेव्हा ते गेलं. हे ठिपके जगातला कुठलाच कारागीर परत आणणार नाही, आणि मीही नाही.

लेकीने डोळे पुसले, पिशवीतून पिवळ्या फुलांचं कापड आणि कागद काढला, आणि कापड माझ्या आरशासारख्या पॉलिशवर पसरलं. "हिचा फ्रॉक बेतायचाय. धरा ते टोक. ताणून." मी धरलं. ती उभी राहिली, डावा तळवा कागदावर पसरून, अंगठा बाहेर काढून, अंग जरा पुढे झुकवून. मी आज नीट पाहिलं. चाक फिरायला लागलं. कर्रर्र, खांद्यावरून, बगलेखालून वळून, घेरापर्यंत.

कागद आणि कापड उचललं. माझ्या एकोणीस हात पॉलिशवर एका फ्रॉकची अर्धी बाजू ठिपक्याठिपक्यांनी उठली होती. पांढरे, कच्चे ठिपके. पिटुकली खालून वर आली आणि त्यांवर बोट ठेवून म्हणाली, "हे काय?"

"ही तू," लेक म्हणाली. "चार वर्षांची."

पोरीने बोट खांद्यापासून घेरापर्यंत नेलं. पुन्हा वर आणलं. आणि स्वतःच्या खांद्याला हात लावून पाहिला.

ते ठिपके फारच पांढरे दिसत होते. सवयीने माझा हात काजळीच्या डबीकडे गेला, जरा भरले की बरे दिसतील म्हणून. लेकीने माझं मनगट धरलं.

"बाबा, हे जुनं करू नका."

मी झाकण लावलं. दुसरी बाजू राहिली होती, कापड उलटं पसरून मी परत टोक धरलं.